माळ्यावरचा संगणक : आठवण की शोध?



आजच्या भागाची सुरुवात एका दुरुस्तीने करतो. जुन्या घरगुती संगणकांवर मी या मालिकेत मागे एकदा बोललो होतो. तेव्हा मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, की घरखर्चाचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्रॅम मी 1988 साली स्वतः लिहिला आणि बायकोला वापरायला शिकवला. ते खरं नव्हतं. मुद्दाम खोटं बोललो असंही नाही. मला तसंच आठवत होतं, आणि पस्तीस वर्षं मी ते तसंच सांगत आलो.

माझी चूक कशी उघडकीला आली, ते आज सांगतो. कारण जुन्या संगणकांचा छंद असलेल्या लोकांमध्ये एक वाद कायम चालतो, आणि त्याचं उत्तर मला माझ्याच घरात मिळालं. वाद असा : ही जुनी यंत्रं आपण जपतो ती जुने दिवस परत अनुभवण्यासाठी, की त्यांच्यात आजही काही नवं सापडतं म्हणून?

आधी यंत्राची ओळख करून देतो. इंग्लंडमध्ये सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने एप्रिल 1982 मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा छोटा संगणक बाजारात आणला. 16 केबी मेमरीचा 125 पौंडांना, 48 केबीचा 175 पौंडांना. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा त्या मेमरीत मावणार नाही. आत झेड-80 नावाचा प्रोसेसर, वेग साडेतीन मेगाहर्ट्झ. पडदा म्हणजे घरातला टीव्ही. प्रोग्रॅम साठवायला साधी गाण्यांची कॅसेट आणि टेपरेकॉर्डर. पुढे त्याचंच सुधारलेल्या कीबोर्डचं रूप स्पेक्ट्रम प्लस या नावाने आलं. आपल्याकडे 1986 मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन ते ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकायला सुरुवात केली. पुण्यात पोस्टिंग असताना, बरीच बचत मोडून, मी घेतला तो हाच.

तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिलाही नसेल. पण शाळेत बीबीसी मायक्रो पाहिला असेल. 1984-85 मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची संगणक साक्षरतेची योजना सुरू केली आणि देशभरातल्या निवडक शाळांना ही ब्रिटिश यंत्रं मिळाली. कॉम्प्युटर रूमच्या बाहेर चपला-बूट काढून रांगेने आत जायचं, आणि एका यंत्राभोवती चार-पाच डोकी. हे ज्यांना आठवतं, त्यांच्या चेहऱ्यावर आत्ता हसू आलं असेल. ते हसू म्हणजेच या छंदाचं एक टोक.

या टोकाच्या लोकांना मी आठवणवाले म्हणतो. मी त्यांच्यातलाच. आम्हाला सगळं होतं तसंच हवं असतं. स्पेक्ट्रमवर बेसिक भाषेतला शब्द अक्षर-अक्षर टाइप करावा लागत नाही. ओळीच्या सुरुवातीला जे चं बटण दाबलं की अख्खा ‘लोड’ शब्द उमटतो, पी दाबलं की ‘प्रिंट’, ई दाबलं की ‘रेम’. आजही कीबोर्डवर हात ठेवला की माझी बोटं न विचारता तिकडे जातात. कॅसेट चालू केल्यावर येणारी ती किंचाळी, टीव्हीच्या कडेला पळणारे आधी लाल-निळसर आणि मग निळे-पिवळे पट्टे, आणि पूर्ण मेमरी भरेपर्यंत साडेचारेक मिनिटांची वाट. आम्हाला तो खेळ पाहिजे असतो, आणि ती वाटही पाहिजे असते.

दुसऱ्या टोकाला शोधवाले. त्यातल्या कित्येकांचा जन्मच ही यंत्रं बाजारातून गेल्यावर झाला आहे. त्यांना आठवण नाही, म्हणून यंत्राला काय येतं आणि काय येत नाही, याबद्दल त्यांची आधीच ठरलेली समजूतही नाही.

याची दोन उदाहरणं देतो. स्पेक्ट्रमचा पडदा 8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकोनांत विभागलेला असतो आणि एका चौकोनात दोनच रंग राहू शकतात. त्यामुळे खेळातला हिरवा माणूस लाल भिंतीजवळ गेला, की दोघांचे रंग एकमेकांत घुसायचे. आम्ही ही यंत्राची जात समजून सोडून दिलं. तीसेक वर्षांनंतर ब्राझीलच्या आयनार साउकास या प्रोग्रॅमरने ‘निर्वाणा’ नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. टीव्हीचा किरण पडद्यावर एकेक ओळ काढत खाली येतो, त्याच्याशी अचूक वेळ जमवून ते दर दोन ओळींनंतर रंग बदलतं. म्हणजे 8 बाय 8 ऐवजी 8 बाय 2 च्या पट्टीत दोन रंग. यंत्रात एक तारही बदललेली नाही. ही ताकद पहिल्या दिवसापासून आत होती.

दुसरं उदाहरण त्याच झेड-80 प्रोसेसरचं. हा 1976 सालचा, 8 बिटचा प्रोसेसर, असं आम्ही सगळे शिकलो. 2013 मध्ये केन शिरिफ या अमेरिकन अभियंत्याने त्या चिपची सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रं अभ्यासून दाखवलं, की आतला बेरीज-वजाबाकी करणारा भाग फक्त 4 बिटचा आहे. तो प्रत्येक आकडा दोन हप्त्यांत जोडतो, आधी खालचा अर्धा, मग वरचा अर्धा. बनवणाऱ्यांना हे अर्थातच ठाऊक होतं. पण लाखो लोकांनी तो प्रोसेसर वापरला, पुस्तकं लिहिली, आणि त्यांतल्या बहुतेकांना आत काय चाललं आहे याची कल्पना नव्हती. जवळून ओळखतो असं आपल्याला वाटतं, त्याच गोष्टीकडे आपण नीट बघत नाही. हे वाक्य मी तेव्हा चिपबद्दल म्हणत होतो. पुढे ते माझ्यावरच उलटलं.

बाजारातही हे दोन कल दिसतात. 2017 मध्ये लोकवर्गणीतून ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ नावाचं यंत्र उभं राहिलं. जुन्या स्पेक्ट्रमशी नातं ठेवून, पण अधिक वेग आणि अधिक रंग देऊन, लोकांनी त्यावर नवं काही करावं हा त्याचा हेतू. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘द स्पेक्ट्रम’ आलं. दिसायला हुबेहूब 1982 चं, आत आधुनिक चिप आणि तयार 48 खेळ. पहिलं घेणारा बहुधा काहीतरी करून बघायला घेतो. दुसरं घेणारा बहुधा माझ्यासारखा असतो.

आता घरची गोष्ट.

जयपूरला मानसरोवरमध्ये घर घेतलं तेव्हा पुण्याहून आलेली एक पत्र्याची ट्रंक न उघडताच टांडवर गेली. टांड म्हणजे आपला माळा. इथला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, मे महिन्यात छताखाली हात ठेववत नाही. गेल्या वर्षी ट्रंक खाली काढली, तर आत स्पेक्ट्रम, एक टेपरेकॉर्डर आणि तीन कॅसेट. दोन खेळांच्या होत्या. तिसरीवर बॉलपेनने काहीतरी लिहिलेलं होतं, ते उडून गेलं होतं. मला खात्री होती, की हीच माझ्या हिशेबाच्या प्रोग्रॅमची कॅसेट.

शेजारी इंजिनीअरिंगला असलेला एक मुलगा राहतो. त्याला मदतीला बोलावलं. मी त्याला सैनिकी शिस्तीत सूचना दिल्या : सगळं मूळ यंत्रावर, मूळ टेपरेकॉर्डरवर, होतं तसं चालवायचं. कीबोर्डच्या आतली प्लास्टिकची पातळ पट्टी उन्हाने कडक होऊन तुटली होती. ती आजही नवी मिळते, परदेशातून मागवली. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा झाला होता, तोही बदलला. टीव्हीवर चित्र आलं. बोटांनी जे दाबलं, ‘लोड’ उमटलं, कॅसेट किंचाळली, पट्टे धावले. मी खूश. पाऊण मिनिटाने सगळं थांबलं आणि खाली ओळ आली : ‘आर टेप लोडिंग एरर’.

चार दिवस मी तेच करत राहिलो. मुलगा शेवटी म्हणाला, “अंकलजी, आपको गेम वाली फीलिंग चाहिए या प्रोग्राम चाहिए?” प्रश्न उद्धट वाटला, पण चुकीचा नव्हता.

तो काय म्हणत होता ते समजावून सांगतो. कॅसेटवर प्रोग्रॅम म्हणजे फक्त आवाज असतो. आधी काही सेकंद एकसुरी शिट्टी, यंत्राला सावध करण्यासाठी. मग एकेक बिट. शून्य असेल तर आवाजाची छोटी लाट, साधारण अर्ध्या मिलिसेकंदाची. एक असेल तर दुप्पट लांब लाट. अशा आठ लाटांचा एक बाइट. आणि सगळ्यात शेवटी एक तपासणीचा बाइट, आधीच्या सगळ्या बाइट्सवरून काढलेला. परेडनंतर हजेरी घेतात तसा. हजेरी जुळली नाही, तर स्पेक्ट्रम सगळाच प्रोग्रॅम नाकारतो. हजारो लाटांपैकी एक बिघडली तरी नाकारतो. म्हणजे मूळ यंत्राचा हट्ट धरून बसलो असतो, तर मला तो प्रोग्रॅम कधीच मिळाला नसता.

मुलाने टेपरेकॉर्डरचा आवाज लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड केला. त्याआधी टेपच्या हेडजवळचा बारीक स्क्रू किंचित फिरवून आवाज जास्तीत जास्त खणखणीत केला. हा उपाय त्याला माहीत नव्हता, तो मी सांगितला. सेकंदाला 44,100 नोंदी या दराने रेकॉर्डिंग केलं, की शून्याच्या लाटेत एकवीस-बावीस नोंदी येतात आणि एकाच्या लाटेत त्रेचाळीस. मधली रेघ मारायची आणि मोजत जायचं. त्याने त्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या प्रोग्रॅमला हजेरी जुळण्याची गरज नव्हती. जेवढं वाचता येईल तेवढं वाचायचं, जिथे शंका तिथे प्रश्नचिन्ह.

आणखी एक गोष्ट त्याला बाइट्सकडे बघता बघता सापडली, जी मला त्या काळात कधी कळली नव्हती. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये तुम्ही एखादा आकडा टाइप केला, की तो दोनदा साठवला जातो. एकदा दिसणारे अंक म्हणून, आणि लगेच त्यामागे पाच बाइट्समध्ये यंत्राला गणितासाठी सोयीच्या रूपात. वापरणाऱ्याला दुसरं रूप दिसत नाही. त्यामुळे जिथे दिसणारे अंक खराब झाले होते, तिथे त्याने लपलेल्या पाच बाइट्सवरून ते परत काढले. मी दोन वर्षं त्या यंत्रावर बसलो होतो. तो दहा दिवस बसला होता.

प्रोग्रॅमची यादी त्याने कागदावर छापून आणली. दहा नंबरची पहिली ओळ ‘रेम’ची. रेम म्हणजे टिपण. यंत्र ती ओळ सोडून देतं, ती फक्त माणसांसाठी असते. त्या ओळीत रोमन अक्षरांत ‘घर हिशेब’ असं होतं, पुढे दोन आद्याक्षरं आणि 14-8-88 ही तारीख. मुलगा म्हणाला, “आपके इनिशियल्स तो अलग हैं ना?”

आद्याक्षरं माझ्या पत्नीची होती. आणि ऑगस्ट 1988 मध्ये मी पुण्यात नव्हतोच. मी तेव्हा श्रीलंकेत होतो, भारतीय शांतिसेनेत. 1987 च्या शरद ऋतूपासून आमची युनिट तिकडेच होती. त्या तारखेला मी पुण्याच्या क्वार्टरमध्ये बसून प्रोग्रॅम लिहिणं शक्यच नव्हतं.

मी कागद घेऊन आत गेलो. ही भाजी निवडत होती.

“ही तारीख बघ. मी तेव्हा श्रीलंकेत होतो,” मी म्हणालो.

“मला माहीत आहे तुम्ही कुठे होता,” ती म्हणाली.

“म्हणजे हा प्रोग्रॅम तू लिहिलास?”

“मग आणखी कोण लिहिणार? घरात मी आणि तो डबा. सोबतचं पुस्तक वाचून वाचून केला.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही सगळ्यांना इतक्या हौसेनं सांगत होता. आणि मला विचारलंत कधी?”

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरेसं होतं. पण यादीच्या शेवटी ‘डेटा’च्या काही ओळी होत्या, त्यांचा हिशेबाशी मेळ बसत नव्हता. जोडीजोडीने आकडे. आधी एक ते एकतीसमधला, मग एक ते बारामधला. म्हणजे तारखा, हे उघड होतं. आधीच्या दोन ओळी लागोपाठच्या तारखांमधले दिवस मोजून सरासरी काढत होत्या. मुलाला वाटलं गॅस सिलिंडर. मला वाटलं किराणा. पण अंतरं अगदीच विचित्र होती : चार दिवस, नऊ दिवस, मग एकदम तेवीस.

तिला विचारलं. ती म्हणाली, “तुमची पत्रं आली त्या तारखा. छप्पन एपीओची. सरासरी माहीत असली, की उगीच रोज घाबरायला होत नाही.”

यातल्या शेवटच्या काही तारखा टेपच्या खराब भागात गेल्या. त्या कुठल्याच उपायाने निघाल्या नाहीत. यादीत तिथे प्रश्नचिन्हं आहेत, ती मी तशीच ठेवली आहेत.

आता मूळ वादाकडे येतो. आठवण आणि शोध यांत बरोबर कोण?

आठवणीच्या बाजूने आधी बोलतो, कारण ती माझी बाजू आहे. आठवण नसती तर ती ट्रंक टांडवरून खाली आलीच नसती. एका भंगारवाल्याला किलोच्या भावाने गेली असती. हेडचा स्क्रू फिरवायला हवा हे मला आठवत होतं. आणि 14-8-88 या आकड्यांचा अर्थ मुलाला कळणं शक्य नव्हतं. त्याच्यासाठी ते पाच अंक होते.

पण आठवणीला एक खोड आहे. तिला जे आधीच माहीत आहे, तेच तिला पुन्हा बघायचं असतं. मी चार दिवस त्याच बटणावर तेच बोट ठेवत होतो. त्याहून वाईट म्हणजे, आठवण सांगता सांगता गुळगुळीत होते आणि सांगणारा त्यात मोठा होत जातो. माझ्या आठवणीत बायको प्रोग्रॅम वापरणारी होती आणि मी लिहिणारा. हे बदलायला बाहेरचा पुरावा लागला, आणि तो अशा माणसाने काढून दिला ज्याला माझ्या आठवणींशी काही देणंघेणं नव्हतं.

म्हणून माझं मत असं. आठवणीने यंत्र खाली काढावं आणि शोधाने ते उघडावं. जे सापडेल त्याचा अर्थ लावायला पुन्हा आठवण लागते, पण आता एकट्याची नाही. त्या काळी घरात जे जे होते त्या सगळ्यांची. पुढचा हिशेबही सरळ आहे. त्या काळची आठवण असणारे आम्ही आज साठी-सत्तरीत आहोत. झिलॉग कंपनीने 2024 मध्ये मूळ झेड-80 चं उत्पादन थांबवलं, तसे एक दिवस आम्हीही थांबू. त्यानंतर ही यंत्रं चालू ठेवतील ती शोध घेणारी पोरंच.

जाता जाता काही कामाच्या सूचना. घरी असा संगणक आणि कॅसेट असतील, तर या क्रमाने जा.

पहिलं, उत्साहाच्या भरात यंत्राला वीज देऊ नका. स्पेक्ट्रमला 9 व्होल्ट लागतात आणि पिनच्या मध्यभागी ऋण टोक असतं. आजचे बहुतेक अडॅप्टर उलटे असतात. घरातला कुठलाही अडॅप्टर खुपसलात तर यंत्र जळू शकतं.

दुसरं, आधी कॅसेट, मग खेळ. टेप दर वेळी वाजवली की थोडी झिजते. हेड साफ करा, पट्टा बदला, आणि पहिल्याच वेळी पूर्ण कॅसेट दोन्ही बाजूंनी रेकॉर्ड करून ठेवा. वाचता आली नाही तरी आवाज जपून ठेवा. उद्या कोणाकडे अधिक चांगला उपाय असेल.

तिसरं, विकत घेतलेल्या खेळांची काळजी करू नका, ते जगात कुठे ना कुठे जपलेले आहेत. घरात लिहिलेला प्रोग्रॅम मात्र जगात एकच असतो. आणि प्रोग्रॅममधली टिपणं, रेमच्या ओळी, आधी वाचा. यंत्र त्या सोडून देतं, तुम्ही सोडू नका.

चौथं, त्या घरात त्या वर्षी कोण कोण राहत होतं ते आठवा, आणि जे आहेत त्यांना आत्ताच विचारा.

मागच्या भागातला माझा दावा या पुस्तकात मी खोडलेला नाही, तसाच राहू दिला आहे. चूक दिसली पाहिजे. पण प्रोग्रॅमची लेखिका कोण, याचा खुलासा आता इथे झाला. हिला हा भाग रेकॉर्ड करण्याआधी वाचून दाखवला. ती म्हणाली, सरासरी अकरा दिवस होती, तेवढं लिहा.

तर सरासरी अकरा दिवस.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.